यंत्रापुरती परवानगी

बंडाबर्ग, क्वीन्सलँड
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्या,
पाया पडते.

मी सुखरूप पोचल्याचं रवीनं सांगितलं असेलच. फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि कानातलं मशीन लावून फोन धरलास की नुसती खरखर. म्हणून निघताना ठरलं तसं हे पत्र. कागदावर लिहून त्याचा फोटो रवीच्या फोनवर पाठवते आहे. अक्षर बारीक वाटलं तर दोन बोटांनी मोठं कर. तूही तसंच लिही आणि त्याला फोटो काढायला सांग.

इथली जमीन लालभडक आहे आणि इतकी सपाट की कऱ्हाटीच्या माणसाला डोळा कुठं टेकवावा ते कळत नाही. पण ऊस दिसला आणि बरं वाटलं. इथं ट्रॅक्टर-ट्रॉली नाही, उसाच्या फडातून छोटी रेल्वे धावते, ती थेट कारखान्यात. ज्यांनी आपलं रोपं लावायचं यंत्र घेतलं ते ग्रॅहम म्हणून सत्तरीतले शेतकरी आहेत. त्यांची बहीण जोन त्यांच्याकडंच राहते, आणि कॉलिन नावाचा एक ड्रायव्हर आहे. बेण्याच्या उसासाठी ते यंदा रोपांची लागण करणार आहेत. आजवर कांड्याच लावत आले.

यंत्र पेटीतून निघालं तेव्हा मला भरून आलं. बारामतीच्या वर्कशॉपमध्ये ज्याच्या नटबोल्टला माझे हात लागलेत ते इथं समुद्रापार उभं! पण पहिल्याच चाचणीत माती दाबणाऱ्या चाकांना ही लाल माती अशी चिकटली की रोपं आडवी पडायला लागली. काळजी करू नकोस, तेवढ्यासाठीच मी आले आहे. चाकाला माती काढणाऱ्या खरडपट्ट्या बसवून बघते.

निघताना तू विचारलं होतंस, "तिकडंच राहणार का गं?" तेव्हा घाईत नीट सांगितलं नाही. आपल्या देशाचा आणि यांचा व्यापाराचा करार झालाय. त्यात माझ्यासारख्यांसाठी एक कलम आहे. इकडच्या कंपनीनं तिकडं यंत्र विकलं, आणि ते बसवून द्यायचं, दुरुस्त करायचं असं विक्रीतच ठरलं असेल, तर त्या कामापुरता माणूस येऊ शकतो. जास्तीत जास्त तीन महिने. यंत्र बसवायचं, चालवणाऱ्याला शिकवायचं आणि परत जायचं. दुसरं कुठलंही काम करायचं नाही. म्हणजे मी इथं आले ती यंत्राचं शेपूट धरून, असं समज.

पळसदेवला आबांना निरोप दे. धरणाचं पाणी किती चढलंय ते विचार.

तुझी
उत्कर्षा


कऱ्हाटी
२९ ऑगस्ट

चि. उत्कर्षास कौसल्याआत्याचे भरभरून आशीर्वाद.

पत्र पोचलं. चारदा वाचलं. सारजालाबी वाचून दाखवलं. ती म्हणली, रेल्वेनं ऊस न्येत्यात म्हंजे तितं रस्त्यावर उसाची कांडी पडत नसंल!

नर्सरीत हाताला उसंत न्हाय. लागणीचे दिस हायेत, लोकं रोपांसाठी दारात उभी ऱ्हात्यात. कामाला सारजा हाय म्हणून निभतंय.

आता खरी बातमी सांगते. इंदापूरच्या स्टँडसमोर तुझा फ्लेक्स लागलाय! गणपतीच्या शुभेच्छांचा. तुझा त्यो कंपनीच्या टोपीतला फोटू, माणसाच्या दुप्पट उंचीचा, आन खाली लिवलंय, "आपल्या तालुक्याची लेक ऑस्ट्रेलियात! मुक्त व्यापार करारामुळं आता सर्वांना संधी!" दादासोनं लावलाय. आपल्या थोरल्या जाऊबाईंचा भाचा, त्येनं कॉलेज रोडला परदेशी पाठवायचं हापिस काढलंय. सावळारामला, तुझ्या आबाला, कुणीतरी सांगितलं तर त्यो पळसदेवहून मुद्दाम मोटरसायकलीवर बघून आला. मला म्हणला, "आक्का, पोरगी केवढी झाली गं." त्येचं डोळं वल्लं व्हतं.

दादासो म्हणतोय, करार झाल्यापासनं तितं कामाला माणूसच पायजे. फळं तोडायला, गोठ्यात, शेतात. लई पोरांनी त्येच्याकडं पासपोर्ट दिल्यात. सारजाच्या सोपाननं दिलाय. आपल्या रवीनंबी दिलाय. मी आधी नको म्हणलं, पण डिप्लोमा करून माझं पोरगं ठिबकच्या नळ्या जोडत हिंडतंय, किती दिस हिंडायचं?

रवीसाठी दादासोला एकच कागद पायजे. तुझ्या कंपनीचं पत्र, की रविराज हा तुझा मदतनीस म्हणून येतोय. विजयसिंहसायबांना तू सांगितलंस तर ते न्हाय म्हणायचे न्हाईत. एवढं कर बाई. तुझ्या पाठीला त्येचा हात लागंल, त्येला तुझी सावली व्हईल.

जेवणाची आबाळ करू नको.

तुझी आत्या


बंडाबर्ग
३१ ऑगस्ट

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून मी खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारल्या. राग तुझ्यावर नाही, हे आधी सांगते.

त्या फ्लेक्सवरचं एक वाक्य खरं आहे. मी ऑस्ट्रेलियात आहे. त्याच्या खालचं खोटं आहे. या करारानं सगळ्यांना संधी मिळालेली नाही. फळं तोडायला, गोठ्यात, शेतात कामाला या वाटेनं कुणालाही येता येत नाही. मी आले कारण आमचं यंत्र आलं. जे यंत्र सोपाननं कधी बघितलं नाही ते बसवायला सोपान येतोय असं लिहिलं, तर ते उघडं पडायला विमानतळापर्यंतही जावं लागणार नाही. मग पोराच्या नावावर कायमचा डाग. नंतर खरोखर काही चांगलं जुळून आलं तरी दार बंद.

रवीसाठी पत्र मी देणार नाही. सरांना विचारणारही नाही. रवी माझा मदतनीस नाही, त्यानं आमच्या वर्कशॉपमध्ये एक दिवस काम केलेलं नाही. रवी, तू हे आधी वाचणार आहेस म्हणून तुलाही सांगते. वाईट वाटू दे, पण राग आला म्हणून भलतं काही करू नकोस. दादासोकडून पासपोर्ट परत आण. पासपोर्ट आपल्याकडं ठेवून घ्यायचा त्याला काहीच हक्क नाही.

आत्या, तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. आबांना सांगून तो फ्लेक्स उतरवायला लाव. माझा फोटो आहे, माझी हरकत आहे. आणि सारजामावशीला सगळं समजावून सांग. तिला वाटेल मी मोठी झाले आणि दुसऱ्याच्या पोराला आडवी आले. वाटलं तरी सांग.

उत्तर लवकर लिही.

उत्कर्षा


कऱ्हाटी
७ सप्टेंबर

ताई,

आई नर्सरीच्या कामात आहे म्हणून मी लिहितोय. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती फार नाराज आहे. तुला लिहायचं मनात नाही म्हणाली. "हिला आपल्या घरात ठेवून कॉलेज शिकवलं ते यासाठी का," एवढंच बोलली. मी तिचे शब्द फक्त पोचवतोय.

ताई, तू गेलीस तेव्हा आख्ख्या गावात पेढे मीच वाटले. तुला माहीत आहे मला काय वाटतं? तुझ्यासाठी कायद्यात कलम निघालं, माझ्यासाठी एक कागद निघत नाही. तू म्हणतेस वर्कशॉपमध्ये मी एक दिवस काम केलं नाही. बरोबर आहे. पण मला कधी बोलावलंस? मी ठिबक जोडायला गेलो की लोक विचारतात, "उत्कर्षाचा भाऊ ना? मग तू हितंच कसा?" मी हसून पाना फिरवतो.

दादासोदादा म्हणाले, नसेल देत तर राहू दे, आपण आपली सोय करू. फ्लेक्सचं म्हणशील तर गणपती कालच उठले, आता तो आपोआप उतरेल. तू तुझं काम कर.

रविराज


बंडाबर्ग
१६ सप्टेंबर

ती. आत्या,

हे पत्र रवीच्या फोनवर पाठवलेलं नाही. आमच्या ऑफिसला पाठवते आहे, तिथं छापून म्हाळसाच्या हाती देतील. म्हाळसा म्हणजे आमच्याकडं यंत्रं जुळवते ती, तुमच्याच कऱ्हाटीतली, ओढ्यापलीकडं राहते. तिला सांगितलंय की पत्र फक्त आत्याच्या हातात द्यायचं.

रवीनं लिहिलं की तू मला घरात ठेवून शिकवलंस ते यासाठी का, असं म्हणालीस. आत्या, हे तुझे शब्द असतील तर मला ते तुझ्या अक्षरात वाचायचे आहेत. नसतील तरी मला तुझ्या अक्षरात काहीतरी वाचायचं आहे. त्या पत्रानंतर मी नीट जेवले नाही.

मी रवीला नाही का म्हटलं ते तुला कळावं म्हणून इथं काय झालं ते सांगते. यंत्र आता छान चालतं. खरडपट्ट्या कामी आल्या, रोपं उभी राहतात. ग्रॅहमनं रोपं मागवली, ती ट्रकभर येऊन सावलीत ठेवली. आणि दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर कॉलिन शिडीवरून पडला, खांदा मोडला. रोपं सुकायला लागली. तुला सांगायला नको, ट्रेमधली रोपं किती दिवस दम धरतात.

ग्रॅहम माझ्याकडं आले. म्हणाले, "तुला ट्रॅक्टर चालवता येतो. यंत्र तुझंच आहे. बस आणि एवढी लागण काढून दे. कोण बघतंय?" खरंच कुणी बघत नव्हतं. चारी दिशांना ऊस. आणि मला चालवायचं होतं गं! मी शेतकऱ्याची मुलगी, डोळ्यांदेखत रोपं सुकताना बघवत नव्हतं. पण त्यांच्या शेताची लागण काढणं हे त्यांच्या मजुराचं काम. त्यासाठी मला आत घेतलेलं नाही. मी ट्रॅक्टरवर बसले असते तर आमच्या कंपनीचा शब्द खोटा ठरला असता, आणि उद्या कुणी अशाच छोट्या गावातून यंत्र पाठवलं की यांनी म्हटलं असतं, ही माणसं एक सांगून येतात आणि दुसरं करतात.

मी नाही म्हटलं. ग्रॅहम वळून निघून गेले. संध्याकाळी जेवायलाही मला हाक मारली नाही.

चालवणाऱ्याला शिकवणं मात्र आमच्या विक्रीच्या करारात लिहिलेलं आहे. म्हणून सकाळी मी जोनकडं गेले. त्या साठीच्या आहेत, त्या घरात त्यांनी ट्रॅक्टरला हात लावलेला कुणाला आठवत नाही. मी विचारलं, "शिकाल का?" त्यांनी आधी भावाच्या खिडकीकडं बघितलं, मग पायात बूट घातले. पहिल्या दिवशी ओळ सापासारखी गेली. मी शेजारून चालत होते, ओरडून सांगत होते, हात मागं बांधून. खरंच बांधले होते, कारण सारखे लिव्हरकडं जायचे. आता त्या सरळ ओळ काढतात. काही रोपं वाया गेली ती गेलीच. ग्रॅहम अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

तर आत्या, इथं सुकणाऱ्या रोपांसाठी जे केलं नाही ते मी रवीसाठी कसं करू?

उत्तर म्हाळसाच्या फोनवरून पाठव.

उत्कर्षा


कऱ्हाटी
२१ सप्टेंबर

चि. उत्कर्षा,

ते शब्द माझे न्हाईत. आधी जेव, मग पुढं वाच.

तुझं एकतीस तारखेचं पत्र मी बघितलंच न्हाय गं. रवीनं मला सांगितलं, "ताई व्हय म्हणली, कंपनीचं पत्र धाडते म्हणली." मग पत्र मिळालंबी म्हणला. मी देवापुढं साखर ठेवली. तुला आनंदाचं दोन कागद लिवून त्येच्याकडं दिलं व्हतं, ते त्येनं धाडलंच नसणार. मी वाट बघत बसले, तू वाट बघत बसलीस.

म्हाळसानं पत्र दिलं तवा मी ट्रेमधी कोकोपीट भरत व्हते. वाचलं आन तशीच मातीच्या हातानं घरात गेले. रवीला म्हणलं, "फोन दे." त्यो म्हणला, "चार्जिंगला हाय." म्हणलं, "चार्जिंगचा काढ आन दे." तुझं पत्र त्येच्यात व्हतं. उभ्यानं वाचलं. मग त्येला इचारलं, "कंपनीचं पत्र मिळालं म्हणलास, ते कुठलं?" तवा खरं बोलला. तुझ्या येळचं कंपनीचं पत्र, त्येची झेरॉक्स आपल्या कपाटात व्हती. त्येचा फोटू काढून ह्येनं दादासोला दिला. दादासोनं नाव बदलून नवीन पत्रं केली. एक रवीचं. एक सोपानचं. आन आणखी पोरांची. समद्यावर तुझ्या सायबांची सही.

घरात बसून भागणार न्हवतं.

सारजाला समदं सांगितलं. तुला वाटलं व्हतं ती चिडंल. ती म्हणली, "चला बाई, आधी पासपोर्ट." आमी एष्टीनं इंदापूरला गेलो. जाताना आणखी दोघी-तिघींना फोन करून बोलावलं, ज्यांच्या पोरांचं पासपोर्ट तितं हायेत. सावळारामबी पळसदेवहून आला, पण त्येला म्हणलं, तू भाईर ऱ्हा, हात चालवशील.

दादासोचं हापिस थंडगार. काचंचं दार. त्येनं आमाला च्या मागवला, "मावशी, मावशी" करत उठला. मी म्हणलं, "पासपोर्ट दे." त्येनं बोलायला सुरवात केली. हाईकमिशन, कोटा, प्रोसेस. लई गोड बोलतो. सारजा माझ्याकडं बघाया लागली, मला वाटलं हिचं मन पाघळतंय. मग मी कानातलं मशीन काढलं, डबीत घातलं, डबी पिशवीत टाकली. म्हणलं, "दादासो, आता मला तुझं काय बी ऐकू येत न्हाय. पासपोर्ट दिसलं की उठंन."

त्यो बोलत ऱ्हायला. त्येचं तोंड हलताना दिसत व्हतं. मी टेबलाकडं बघत बसले. पोरं चौकशीला यायची, आमाला बघून सारजाला इचारायची काय झालं, सारजा सांगायची, पोरं माघारी जायची. असं चार-पाच जण माघारी गेल्यावर त्येनं कपाट उघडलं. पिशवीभर पासपोर्ट निघालं. ज्येचं त्येचं मोजून, नाव वाचून आमी घेतलं. खोटी पत्रंबी मागितली. ती न्हाईत म्हणला. सारजानं कपाटातल्या फायलीवर हात ठेवला आन म्हणली, "ह्यी काय?" ती घिऊनच भाईर आलो. फ्लेक्स सावळारामनं तवर उतरवून गुंडाळला व्हता.

आता अवघड आलं. पासपोर्ट आलं, पण दादासो उद्या दुसऱ्या गावात तेच करंल. सारजा म्हणती पोलिसात जायचं. गेलो तर पहिला प्रश्न येणार, कंपनीचं पत्र कुणी आणून दिलं? नाव रवीचं. पोटचं पोरगं हाय. दोन दिस झालं, त्यो ताटावर बसत न्हाय, मी भाकरी थापते आन झाकून ठेवते.

तू काय म्हणतीस?

आत्या


बंडाबर्ग
२३ सप्टेंबर

आत्या,

तू तिथं जाऊन बसलीस हे वाचून मी जोनना सगळं इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. जा म्हटलं तर तुझ्या मुलाला मी पोलिसात पाठवलं असं होईल. जाऊ नको म्हटलं तर मी माझ्याच बोलण्यावरून फिरले. मी काय केलं तेवढं सांगते. सरांना आजच सगळं लिहून कळवलं, की आमच्या नावाची खोटी पत्रं तयार झाली आहेत. सर आधी म्हणाले, "पासपोर्ट परत आलेत ना, मग कशाला वाढवायचं, कंपनीचं नाव खराब होईल." मी म्हटलं, गप्प बसलो तर जास्त खराब होईल. शेवटी ते तयार झाले. कंपनी आपली तक्रार देणार आहे आणि व्हिसाच्या कचेरीलाही कळवणार आहे की ही पत्रं आमची नाहीत. माझ्या पत्रात मी रवीचं नाव लिहिलेलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते मी ऐकलेलं आहे, बघितलेलं नाही. त्याच्या तोंडून ऐकलंस ते तू.

रवीनं लिहिलं होतं, "मला कधी बोलावलंस?" हे मात्र सारखं टोचतंय. मी खरंच कधी बोलावलं नाही. त्यानं खोटेपणा केला म्हणून त्याचा तो प्रश्न खोटा होत नाही.

तू जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूला उभी आहे.

उत्कर्षा


कऱ्हाटी
९ ऑक्टोबर

चि. उत्कर्षा,

दसरा झाला. तुझ्या नावानं सोनं ठेवलंय.

पोलीस ठाण्यात जाऊन आले. तुझं पत्र आल्यावर आणखी दोन दिस तशीच व्हते. मग नर्सरीत सोपान आला, आईला न्यायला. मला म्हणला, "काकू, मी गेलो असतो तर तितं धरलं असतं ना मला?" मी म्हणलं, "व्हय." त्यो म्हणला, "आन कागद तर मी वाचलाबी नव्हता." त्या पोराच्या तोंडाकडं बघितलं आन ठरवलं.

जायच्या आधी रवीला समोर बसवलं. म्हणलं, "मी चालले. तुझं नाव सांगणार हाय. मागनं कळण्यापेक्षा तोंडावर सांगते." त्यो ओरडला. "आई हायेस का कोण हायेस?" म्हणला. मी मशीन काढलं न्हाय. समदं ऐकलं. म्हणलं, "आई हाय म्हणूनच आधी तुला सांगितलं." त्यो मोटरसायकल काढून निघून गेला. मी सारजाला घिऊन गेले.

तितं साहेब चांगला व्हता. मोठ्यानं बोलायचा, सावकाश. त्येनं इचारलं, "मूळ पत्र याला कुणी दिलं?" मी म्हणलं, "माझ्या मुलानं. रविराज." लिवणाऱ्यानं पेन थांबवला, माझ्याकडं बघितलं. म्हणलं, "लिवा की." आन सही केली.

दादासोला बोलावलं, चौकशी लागली. त्येच्या हापिसाला कुलूप हाय. थोरल्या जाऊबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्यात. त्येंच्या भावकीनं रोपांच्या मागण्या काढून घेतल्या, वाफ्यात रोपं तशीच उभी हायेत. ऱ्हाऊ दे. वाढतील तशी दुसऱ्याला देईन.

रवी सोमेश्वरनगरला दोस्ताच्या गॅरेजात जाऊन ऱ्हायला. कारखाना सुरू व्हायच्या आधी तितं ट्रॅक्टर दुरुस्तीला लई काम. मी फोन लावत न्हाय, लावून ऐकू येणार न्हाय. डबा धाडला, रिकामा माघारी आला, म्हंजे जेवला. मग परवा ठाण्यातनं निरोप आला की तुमचा मुलगा आलाय. मी धावत गेले. त्यो बाकड्यावर बसला व्हता, हाताला ग्रीस. कुणी आणला न्हवता, आपल्या पायांनी आला व्हता. कागद कुणी मागितला, कुणी बदलला, कोण-कोण पोरं व्हती, समदं त्येनं साहेबाला सांगितलं. मी दारात उभी ऱ्हायले, त्येनं माझ्याकडं बघितलं न्हाय.

साहेब म्हणला, पुढं काय व्हईल ते कोर्ट बघंल, पण स्वतःहून आला हे मी लिवलंय. त्येचा पासपोर्ट पुराव्यात जमा झाला.

भाईर आल्यावर मी इचारलं, "घरी येतोस?" मान हलवली, न्हाय म्हणून. मग म्हणला, "दिवाळीला." एवढंच. मी एष्टीत बसले आन कऱ्हाटी येईपर्यंत रडले. सारजा शेजारी बसून शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत ऱ्हायली. लई बरं वाटलं.

मला पस्तावा न्हाय. दुखतंय. दोन्ही खरं.

तू कधी येतीस?

आत्या


बंडाबर्ग
१७ ऑक्टोबर

ती. आत्या,

परवा निघते. मुदत अजून शिल्लक आहे, पण काम संपलं म्हणजे संपलं. ग्रॅहम म्हणाले, "राहा की, थोडी भटक, समुद्र बघ." त्यांना म्हटलं, घरी दिवाळी आहे आणि माझी आत्या एकटी पडली आहे.

काल त्यांनी मला रानात नेलं. लावलेली रोपं गुडघ्याच्या खाली आहेत, पण ओळी भरल्या आहेत. जिथं जोननं पहिल्या दिवशी नागमोडी ओळ काढली तिथं ते थांबले. म्हणाले, "ही ओळ मी मोडणार नाही." मग टोपी काढून म्हणाले, "त्या दिवशी मी तुला जे करायला सांगितलं ते सांगायला नको होतं." मी म्हटलं, तुमची रोपं सुकत होती, मीही तेच सांगितलं असतं. जोन ट्रॅक्टरवरून उतरल्याच नाहीत, वरूनच हात हलवला. कॉलिनचा खांदा बरा होतोय, पण आता यंत्र कुणी चालवायचं यावरून त्याचं आणि जोनचं भांडण होणार अशी चिन्हं आहेत.

त्यांना पुढच्या वर्षी दुसरं, मोठं यंत्र हवंय. ते बसवायला दोघं लागतील. सरांनी कालच विचारलं, दुसरं नाव कुणाचं देऊ? मी म्हाळसाचं दिलं. ती चार वर्षं ही यंत्रं जुळवते आहे, डोळे मिटून सुटं करील आणि परत बसवील. पासपोर्टचा अर्ज कर म्हणून मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मी? तिकडं?" आणि फोन तसाच धरून बराच वेळ हसत राहिली.

रवीला हे कळेल तेव्हा लागेल. तू लपवू नकोस. दिवाळीला तो आला की तूच सांग, बाहेरून कळायला नको. आणि त्यानं विचारलं, मग माझं काय, तर माझा निरोप दे. पत्र मी देणार नाही, कधीच नाही. पण सरांशी बोलले आहे. गॅरेजात त्यानं ग्रीसमध्ये हात घातलेत हे त्यांना सांगितलं, ठाण्यात काय झालं तेही सांगितलं, काही मागं ठेवलं नाही. सर शेवटी म्हणाले, "बघू या येऊन काय करतो ते."

तेव्हा त्याला सांग, ताईनं बोलावलंय. दिवाळीची सुट्टी संपली की वर्कशॉप सकाळी आठला उघडतं.

उत्कर्षा